टोकाचा मुलूख

विदर्भ एक्सप्रेस नागपूरला रिकामी होते. मुंबईहून आलेली बहुतेक माणसं उतरतात, चादरी गोळा होतात, आणि पुढे गोंदियापर्यंत जाणारे उरलेले लोक मोकळ्या बाकांवर ऐसपैस बसून एकमेकांची चौकशी करायला लागतात. माझ्या समोर एक तरुण कर्मचारी होता, साताऱ्याकडचा. गोंदिया जिल्ह्यात नेमणूक, सुटी संपवून परत चाललेला. नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करणाऱ्यांना मिळणारी एकस्तर वेतनश्रेणी, घरापासूनचं अंतर, बदलीचा अर्ज, सगळं त्याने भंडारा रोड येईपर्यंत सांगून टाकलं. ‘टोकाला पडलोय हो,’ असं तो दोनदा म्हणाला.

खिडकीजवळ एक आजीबाई होत्या, तिरोड्याच्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

‘कोटचे जी तुमी?’

‘पुण्याचा.’

‘लय दूर रायता जी!’ त्यांच्या आवाजात खरीखुरी कणव होती.

तुमसर रोड मागे पडलं, वैनगंगेचा रुंद पूल खडखडत गेला, आणि दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या दिसायला लागल्या. आजीबाईंचं म्हणणं नकाशावर तपासून पाहावं असं आहे. गोंदियाहून मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास, रायपूर पावणेदोनशे, बालाघाट तर चाळीसेक. इथली माणसं लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला राज्याची हद्द सहज ओलांडतात. ती हद्दसुद्धा काही फार जुनी नाही. 1956पर्यंत हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मग द्विभाषिक मुंबई राज्य, मग 1960 साली महाराष्ट्र, आणि 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून फुटून वेगळा गोंदिया जिल्हा. आजीबाई सत्तरीच्या पुढच्या. म्हणजे एकाच गावात राहून त्यांनी तीन राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले. पुण्यामुंबईत मात्र अजून विचारतात, गोंदिया मध्य प्रदेशात ना?

महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यातला हा जंगलाचा आणि तलावांचा मुलूख झाडीपट्टीचा भाग. इथलं असणं म्हणजे काय, ते पाहायला मी आलो होतो. गोंदिया शहरात त्यासाठी फार थांबावं लागत नाही. भातगिरण्या, मारवाडी-गुजराती पेढ्या, हिंदी-मराठीची मिसळ. बरं आहे शहर, पण ते रेल्वेने वाढवलेलं आहे आणि त्याचं लक्ष रुळांकडे असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरगडच्या बाजूला जाणारी मेमू पकडली.

आमगाव, सालेकसा. सालेकसा सुटल्यावर सपाट धानाचा प्रदेश एकाएकी संपतो आणि डोंगर रुळांच्या अंगावर येतात. दरेकसा हे छोटंसं स्टेशन. जवळच हाजरा फॉल. पावसाळ्यात तो गाडीतूनही दिसतो म्हणतात. माघात त्याची एक ओली रेघ उरली होती. पुढे जंगल, बोगदा, आणि पलीकडे छत्तीसगड. महाराष्ट्र इथे संपतो. साताऱ्याच्या त्या पोराला हे ठिकाण दाखवायला हवं होतं, ‘टोक’ या शब्दाचं त्याचं समाधान झालं असतं.

आणि नेमक्या याच ठिकाणी दर माघ पौर्णिमेला मध्य भारतातला गोंड समाज गोळा होतो. कचारगड. धनेगावला, डोंगराच्या पायथ्याशी मी पोचलो तेव्हा यात्रेला अजून अवकाश होता, तरी मांडवाचे बांबू पडलेले, सप्तरंगी झेंडे लागत होते, पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. दरेकसाचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात आलं ते नक्षल्यांच्या दलमसोबत, त्यामुळे खाकी इथे सणासुदीलाही असते. पिवळे दुपट्टे घातलेली माणसं समोरून येताना ‘जय सेवा’ म्हणत होती. मीही म्हणायला लागलो.

वाट जंगलातून चढते. गुहेचं तोंड पाहून माणूस थबकतो. आत भलंमोठं दालन, वर एका ठिकाणी छत फुटून उजेड खाली उतरलेला. गोंडांच्या परंपरेत ही उगमाची जागा आहे. कथा अनेक तऱ्हांनी सांगतात. काली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभूने या गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला आले. शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली, आणि ती ज्याच्या अंगावर पडली तो हिरासुकाच होता. सुटलेल्या मुलांना लिंगोने धर्म शिकवला, देवं वाटून दिली, साडेसातशे गोत्रं लावून दिली. आजही सोयरीक जुळवताना आधी देवं विचारतात: चार देवांचे, पाच, सहा की सात? सारख्या देवांची घरं भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न नाही. परक्या राज्यातला, ओळखपाळख नसलेला माणूस दारात आला तरी हा एक प्रश्न विचारला की त्याला कुठे बसवायचं ते कळतं. आमच्याकडे आडनावावरून जातीचा माग काढतात. त्यापेक्षा हे कितीतरी सरळ.

ही यात्रा आजच्या रूपात उभी राहिली ती 1980च्या दशकापासून. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या पिढीतल्या काही अभ्यासकांनी कथांचा, गोत्रांचा, भाषेचा धागा पकडून ही जागा पुन्हा समाजासमोर आणली. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेलं आयुष्य गोंडी भाषेला देत. 2015 साली ते गेले.

गुहेबाहेर दगडावर एक म्हातारे बसले होते, बैहरकडचे, म्हणजे बालाघाट जिल्ह्यातले. सोबतची मंडळी खाली स्वयंपाकाला लागली होती. पहिल्यांदाच आलात का, असं मी हिंदीत विचारलं.

‘हाँ, मैं तो पहली बार,’ ते म्हणाले. मग गुहेकडे हात करून, ‘लेकिन हमारे पुरखे यहीं से निकले। हम तो वापस आए हैं।’

मंडला, छिंदवाडा, बस्तर, आदिलाबाद, गडचिरोली, एवढ्या ठिकाणांहून माणसं येतात. त्या साऱ्या गावांच्या मधे बोट ठेवलं तर ते इथेच कुठेतरी टेकतं. मुंबईहून मोजलं तर दरेकसा टोक. या म्हाताऱ्यांच्या हिशेबात मधोमध. खाली उतरताना मनात आलं, दुर्गम हे विशेषण ठिकाणाचं नसतंच, ते मोजणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीचं असतं.

पुढचा प्रवास जीपने, आमगाव-देवरीवरून दक्षिणेकडे. देवरीला राष्ट्रीय महामार्ग लागतो, कोलकात्याकडच्या ट्रकांची रांग लागते, आणि कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत बाहेर पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही. मात्र उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगाव ही दोन जंगलं या रस्त्याने कापली आहेत, हे ध्यानात ठेवावं. 2013च्या डिसेंबरात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ कमी पडतात म्हणून मे 2023मध्ये ब्रह्मपुरीच्या रानातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. आणि नवेगावच्या पोटातली कालीमाती, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं उठवून श्रीरामपूर नावाच्या नव्या वसाहतीत बसवली. वसाहतीत कबूल केलेलं मिळालं नाही अशी तक्रार करत त्यातली काही माणसं पुन्हा जुन्या जागी जाऊन राहिली होती. वाघिणीला बेशुद्ध करून नवं घर देता येतं. माणसाच्या बाबतीत सरकारकडे तेवढी सोपी सुई नाही.

नवेगावबांध. सुमारे 11 चौरस किलोमीटरचं पाणी, डोंगरांच्या कड्यात. तलाव नैसर्गिक वाटावा इतका डोंगरांशी एकजीव झाला आहे. पाळीवरून चाललो तेव्हाच हे माणसाच्या हातचं काम आहे हे पटलं. कोलू पाटील कोहळी याने हा बांधला असं परंपरा सांगते, बहुधा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. भोवतालच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. त्यांनी बांधकामाला हात लावला अशी गोष्ट आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. मला ही देव होण्याची रीत आवडली. तलाव बांधला, म्हणून देव.

कोहळी मूळचे इथले नव्हेत. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणवलं, अशी त्यांचीच आख्यायिका. जंगल तोडून तलाव बांधेल त्याला खालची जमीन, असा तेव्हाचा व्यवहार. गोंडांचं रान, कोहळ्यांची पाळ, ढिवरांची मासळी, आणि खाली सगळ्यांचं धान. भंडारा-गोंदियात असे तलाव हजारोंनी आहेत. 1951मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चं सरकारी कागदावर ‘मामा तलाव’ झालं. मामा म्हटलं तरी लाड कोणी केले नाहीत. गाळ साचला, काठ शेतांनी खाल्ले.

अर्जुनी मोरगावच्या वाटेवर एका गावात असा एक छोटा तलाव बघायला थांबलो. पाळीच्या आतल्या अंगाला तुडूम आहे: दगडी बांधणीत एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडाचं बूच. आधी सगळ्यात वरचं बूच काढायचं. पाणी त्या पातळीपर्यंत उतरलं की त्याखालचं. म्हणजे तळातलं पाणी एकदम कोणाला चोरता येत नाही, आणि नेहमी वरचं, उन्हाने तापलेलं पाणी शेतात जातं. सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, जादा पाणी खालच्या तलावाकडे. बूच कोणी आणि कधी काढायचं हे गाव ठरवायचं. दगडावर हाताने झिजलेली एक गुळगुळीत खाच होती, नेमकी जिथे उतरताना माणूस पकडेल तिथे.

तलावात कमरेएवढ्या पाण्यात चार-पाच ढिवर बाया बेशरमाची झुडपं मुळासकट उपटत होत्या. हे बेशरम काठाकाठाने तलाव गिळतं. ते काढून चिखलात देशी पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे देशी मासे परत येतात. या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत हे काम वर्षानुवर्षं केलं, त्यातून ते गावोगाव गेलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांच्या घरात होतंच. मासे कोणते परत आले, असं विचारल्यावर बायांनी एका दमात इतकी नावं सांगितली की निम्मी मला लिहूनच घेता आली नाहीत.

असंच लिहून घेत मारुती चितमपल्ली इथे राहिले. सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू, वनखात्याच्या नोकरीमुळे नवेगावबांधला आले. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणता सोबती मिळाला, आणि गोंड, ढिवर, गुराखी यांच्या तोंडची पक्ष्या-झाडांची नावं त्यांनी मराठीत आणली. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात ते गेले. साताऱ्याच्या त्या पोरासारखीच त्यांचीही ही सरकारी नेमणूक होती. एकाला ती शिक्षा वाटते, दुसऱ्याचं तेच आयुष्य होऊन बसतं.

प्रवासाचा शेवटचा टप्पा प्रतापगड, गोठणगावच्या अलीकडे-पलीकडे. शिवाजी महाराजांचा नव्हे, हा वेगळा. डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आणि त्याच परिसरात तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्गेलिंग. 1972पासून. बर्फाच्या मुलखातून निघालेल्या माणसांना सरकारने जागा दिली ती मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या झाडीत. सुरुवातीच्या म्हाताऱ्यांनी ते कसं सोसलं असेल, देव जाणे. आता मंदिर आहे, शाळा आहे, धानाची शेती आहे. थंडीत घरटी कोणी ना कोणी शहरात स्वेटर विकायला जातं आणि लोसारला, त्यांच्या नव्या वर्षाला, परत येतं. मी गेलो तेव्हा लोसार होऊन थोडेच दिवस झाले होते. प्रार्थनेच्या पताका अजून कोऱ्या होत्या आणि त्यांच्याखालच्या आवारात लाखोरीची डाळ वाळत पडली होती.

एका घराच्या ओट्यावर मोमोची छोटी खानावळ होती. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, जन्म याच वसाहतीतला.

‘बसा जी. तिखट चालते ना?’

मोमोसोबतची चटणी अस्सल नागपुरी जहाल होती. बाईंशेजारी गोठणगावचे एक शेतकरी काका बसले होते, ट्रॅक्टरच्या भाड्याचा काही हिशेब चालला होता, अर्धा झाडी मराठीत, अर्धा हिंदीत. 1950 ते 1987च्या मधल्या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच नागरिक, आणि 2016मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिबेट्यांच्या बाबतीतही ते स्पष्ट केलं आहे. म्हणजे कायद्याने बाई भारताच्या नागरिकच आहेत. मी तसं म्हटलं तर त्यांनी निर्वासितांचं नोंदणीपत्र, त्यांच्या भाषेत ‘आरसी’, आतून आणून दाखवलं. वडिलांनी जपलं, म्हणून त्याही जपतात. त्यावर पुढे बोलण्याची त्यांची इच्छा दिसली नाही. भाऊ कॅनडात आहे, भाचे तिकडेच. वसाहतीतली पोरं बंगळूरला जातात, परदेशी जातात, घरं बंद पडतात. हे ऐकताना काका म्हणाले, ‘आमच्या गावात का वेगळं हाय? पोट्टे सारे पुन्यात.’

पुण्याचं नाव निघाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

‘तिकडं स्वेटर चालते का जी? नागपुरात आता थंडीच पडत नाई पयलेसारखी.’

मी सांगितलं, चालतात, पण रस्त्यालगतच्या गाळ्याचं हंगामाचं भाडं भारी असतं. त्यांनी आकडा विचारला. मला ऐकून ठाऊक होता तो सांगितला. बाईंनी काकांकडे पाहिलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आणि ट्रॅक्टरचा राहिलेला हिशेब पुन्हा सुरू केला. उन्हाळी धानाला या वर्षी पाणी मिळणार की नाही, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं.