कोरडा चमचा

गेल्या चैत्रात भाचीचा अमेरिकेहून फोन आला. "आत्या, इथे पेनसिल्व्हेनियात सफरचंदाचं लोणी करतात. नावाला लोणी, पण त्यात लोणी औषधालासुद्धा नसतं! तांब्याच्या मोठ्या हंड्यात, अंगणातल्या चुलीवर दिवसभर ढवळून सफरचंदं आटवायची. अगदी आजीच्या आटवलेल्या आमरसासारखं. तो कसा करायचा, सांग ना!"

खरे म्हणजे ही कृती तिच्या वडिलांना, माझ्या दादाला, माझ्याइतकीच पाठ आहे. पण दादात आणि माझ्यात सहा वर्षे बोलणे नव्हते. मी डोंबिवलीला, तो ठाण्याला. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. आम्हां बहीणभावांना मात्र एवढेसे अंतर सहा वर्षांत तोडता आले नव्हते. निमित्त आईच्या जुन्या घराचे. ते पाडून नवी इमारत उठायची होती आणि माझा हिस्सा किती, हा प्रश्न निघाला. आवाज कुणीच चढवला नाही. "असू दे," म्हणून दोघेही उठलो, ते उठलोच.

मी भाचीला कृती सांगू लागले. आई वैशाखात, पाऊस यायच्या आत, हापूसचा रस आटवायला घेई. पितळी कढईला ताजी कल्हई हवी, नाहीतर आंबटपणाने रस कळकतो. मंद आच आणि लांब दांड्याचे उलथने. रस दाटू लागला की फटफट उडतो. आईच्या मनगटावर त्या चटक्यांचे डाग कायमचे होते. दोन किलो रस अर्ध्यावर आला की अर्धा किलो साखर घालायची आणि पुन्हा ढवळत राहायचे. मग थेंबभर थाळीत टाकून पाहायचा. भोवती पाण्याचे कडे सुटले नाही, की झाला. साखर पाणी धरून ठेवते, ते बुरशीला मिळत नाही, म्हणून रस टिकतो. आईला हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण बरणीत ओला चमचा घालणाऱ्याची ती गय करीत नसे. "चमचा कोरडा आहे ना?" हे आमच्या घरात देवाच्या नावाहून अधिक वेळा ऐकू आले असेल.

"आणि झाकण?" भाचीने विचारले.

आई गेल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या रसाला बुरशी आली होती, ती या झाकणापायी. रस एक तर वाफाळता असताना कोरड्या, तापवलेल्या बरणीत काठोकाठ भरून बंद करावा, नाहीतर पुरता निवू द्यावा. मी तो कोमट असतानाच झाकला. वाफेचे पाणी झाकणाला आतून धरले, थेंब थेंब रसावर पडले, आणि पंधरा दिवसांत वर पांढरी साय!

हे सांगता सांगता मी थबकले. आमचे भांडणही आम्ही असेच कोमट असताना झाकले नव्हते काय?

त्या वैशाखात मी एक बरणी जास्त भरली. भाऊबीजेला ती पोटाशी धरून लोकलच्या गर्दीत उभी राहिले आणि ठाण्याला उतरले. दादाने दार उघडले. सगळा धीर गोळा करून मी म्हणाले, "दादा, घराच्या हिश्श्याचा मला राग आला होता. अजून आहे."

तो क्षणभर उंबऱ्यातच उभा राहिला. मग म्हणाला, "मलाही आहे. आत ये. नीट भांडू."

नीट भांडलो. चहा दोनदा झाला. हिश्श्याचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण आता त्याविषयी आम्ही एकमेकांशीच बोलतो, ही काय थोडी गोष्ट झाली?

ओवाळून झाल्यावर वहिनीने बरणी उघडली आणि चमचा आणून दिला. दादाने तो उजेडात धरून पाहिला, सदऱ्याला पुसला, पुन्हा एकदा पुसला आणि मगच बरणीत घातला.