सुकाणू आकाशात गेले नाही

नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना विमानविद्येतले काही कळत नाही. कुतूहल होते ते शब्दांचे. विमानाने धावपट्टीकडे कसे यावे हे दाखवणारा 'अ‍ॅप्रोच चार्ट' भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिकी माहिती-प्रकाशनात पाहायला मिळतो. मात्र तो शोधायचा 'व्हीएएनएम' या चार अक्षरांच्या संकेताने. दर २८ दिवसांच्या चक्राने त्यात दुरुस्त्या होतात, म्हणून तारीखही पाहावी लागते.

या आकाशाच्या कागदावर आम्हाला भेटला तो समुद्रच. 'चार्ट' म्हणजे मुळात पपायरसचे पान; खलाशांच्या नकाशाला चिकटलेला तो शब्द पुढे विमानात चढला. वेग मोजायचा 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत. जहाजामागे गाठी मारलेली दोरी सोडून ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या, ते पूर्वी मोजत. अंतर १८५२ मीटरच्या सागरी मैलात. आणि 'पायलट'चे ग्रीक मूळ वल्ह्याशी, सुकाणूशी जाऊन भिडते. हे वर्गात सांगितले तेव्हा कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे आमचे बाबा पायलटच की!" व्युत्पत्तीचा तास इतका सार्थकी क्वचितच लागतो.

मग प्रश्न पडला: सुकाणू अरबीतून, बंदर आणि नाखवा फारसीतून, अशी भरलेली शिदोरी किनाऱ्यावर असताना मराठीने विमानासाठी ती सोडलीच नाही. विमानतळ आणि वैमानिक घडले ते संस्कृताच्या टाकसाळीत. इंडोनेशियन भाषेने मात्र याच 'बंदर' शब्दाला आकाश जोडून विमानतळाला 'बंदारा' म्हटले. आमच्यापैकी एकाला 'वैमानिक' डौलदार वाटतो. दुसऱ्याला त्यात खाऱ्या वाऱ्याचा वास नाही ही खंत आहे. सुकाणू आमच्याकडे आकाशात न जाता समित्यांत गेले, हे मात्र दोघांनाही मान्य!

चार्टवरील एका गोष्टीचे नाते थेट अलिबागशी निघाले. येथील धावपट्टीचे ०८ आणि २६ हे आकडे म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या सुमारे ८० आणि २६० अंशांच्या दिशा. ही उत्तर हळूहळू सरकते. तिच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवले गेले. अलिबागची वेधशाळा आजही त्या नोंदी ठेवते.

विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून २०२१ साली हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. त्यांची गावे उठली, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. चार्टवर अडथळा ठरणाऱ्या टेकड्यांची उंची लिहिलेली असते. उलव्याच्या टेकडीची आता लिहावी लागत नाही.