कर्त्याशिवायचं वाक्य

म्हैसूरहून हुणसूरकडे निघालं की रिंग रोडचा मोठा चौक लागतो. त्याला लागूनच हिनकल. एकेकाळचं स्वतंत्र गाव आता शहरात मिसळून गेलं आहे, पण आतल्या गल्लीत शिरलं की नन्नेश्वराचं देऊळ आहे, ओट्यावर बसणाऱ्या बायका आहेत, दारात सकाळची रांगोळी आहे. डिझाइनच्या शिक्षणाची शेवटची दोन वर्षं मी तिथल्या एका खोलीत राहून काढली. तिथे मी लिहायला शिकले. डिझाइन मला खऱ्या अर्थाने त्यानंतर समजायला लागलं.

मी निपाणीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. आजीने उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हातात कातर, पान कापायला पत्र्याचा फर्मा. मजुरी हजारावर. त्यामुळे हिनकलमध्ये शेजारच्या अक्का उदबत्त्या वळताना दिसल्या तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही. कन्नडमध्ये उदबत्तीला ऊदिनकड्डी म्हणतात. ऊद तोच, आणि कड्डी म्हणजे आपली काडी. मजुरीही तशीच, हजारावर. हल्ली वळायची यंत्रं आली आहेत, तरी हाताने वळणाऱ्या बायका अजून आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी त्यांच्यासाठी नवा पाट करायचं ठरवलं.

अक्का जमिनीवर मांडी घालून बसायच्या. समोर उतरता लाकडी पाट, त्याला त्या मणे म्हणत. डाव्या हाताशी ओल्या मसाल्याचा उंडा: कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि पाणी. त्यातला चिमूटभर तोडायचा, बांबूच्या काडीवर ठेवायचा आणि उजव्या तळव्याने एकदाच पुढे लोटायचं. काडीला मसाला सारखा लपेटला जातो, टोकाला बोटभर जागा कोरी राहते. पाटाला चिकटू नये म्हणून मधूनमधून कोरडी पूड भुरभुरायची. दुपारपर्यंत खांदा भरून यायचा. मग अक्का पाटाखाली विटेचा तुकडा सारून उतार कमी करायच्या. तो तुकडा घसरायचा, पाट हलायचा, काड्या वाकड्या व्हायच्या. उतार सहज बदलता येईल असा पाट करायचा, एवढंच माझं काम होतं.

पहिला आराखडा झाला. पाटाखाली एक स्क्रू, तो फिरवला की उतार बदलतो. चार रेखाचित्रं काढली, छोटं मॉडेल केलं, अहवाल लिहिला. अहवाल इंग्रजीत होता. त्यातलं मुख्य वाक्य मराठीत असं होईल: ‘पाटाचा उतार वापरकर्त्याच्या सोयीनुसार बदलता येतो.’ आमच्या सरांनी चित्रांवरून नुसती नजर फिरवली. मग पेन्सिल घेऊन त्या वाक्यातल्या क्रियापदाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कोणाला? कोणत्या हाताने?’

मला राग आला होता. चित्रात सगळं स्पष्ट दिसत असताना शब्दांवर का अडायचं? पण रात्री खोलीवर वही उघडली आणि तेच वाक्य मराठीत, कर्ता घालून लिहायला घेतलं. ‘अक्का उजवा हात पाटावरून उचलतात, पाटाखाली घालतात आणि स्क्रू...’ इथे पेन थांबलं. अक्कांचे दोन्ही हात मनगटापर्यंत मसाल्याने माखलेले असतात. त्या हातांनी स्क्रू धरला तर तो घसरणार, दोन दिवसांत आट्यांत मसाला वाळून जाम होणार. म्हणजे आधी उठायचं, परसात जाऊन हात धुवायचे, पुसायचे. तोवर उंडा कोरडा पडणार. दिवसातून दोनदा हे कोण करील? त्यापेक्षा विटेचा तुकडा बरा.

माझ्या रेखाचित्रांतही हात होते. पण ते स्वच्छ होते.

‘बदलता येतो’, ‘केला जातो’, ‘वापरला जाऊ शकतो’ अशी वाक्यं आम्ही डिझाइनचे विद्यार्थी पानंच्या पानं लिहितो. त्यांत माणूस नसतो, म्हणून अडचणही दिसत नाही. युजर-सेंट्रिक, सस्टेनेबल, इंटरव्हेन्शन हे शब्दही तसेच. ते वाईट नाहीत, पण त्यांच्या आड न पाहिलेलं पुष्कळ लपतं. कर्ता लिहावा लागला की तो कुठे बसलाय, त्याच्या हातात काय आहे, हे पाहावंच लागतं.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ सालचा ‘इंडिया रिपोर्ट’ पुन्हा वाचला. भारत सरकारसाठी लिहिलेल्या त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पहिल्या वाचनात मी त्यातला लोट्याचा भाग कौतुकाने वाचून पुढे गेले होते. आता नीट वाचला. लोट्याच्या सौंदर्याबद्दल बोलताना ते प्रश्न विचारत जातात: पाणी किती न्यायचं, हात केवढे, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा तोल कसा, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो. साधा रोजचा लोटा, पण प्रश्नाप्रश्नाने तो डोळ्यांसमोर घडत जातो. आपल्याकडे द. ग. गोडसे आहेतच. नाटकांची नेपथ्यं करणारा हा चित्रकार ‘पोत’सारखं पुस्तक लिहून गेला. त्यांची पाहण्याची आणि लिहिण्याची शक्ती मला वेगवेगळी काढता येत नाही.

मी स्क्रू काढून टाकला. त्याऐवजी पाचर. पाचरीची शेपटी बाहेर ठेवायची आणि पायाने आत ढकलायची, म्हणजे हात मोकळे. या वेळी लाकडाला हात लावण्याआधी वापरायची पद्धत तीन वाक्यांत कन्नडमध्ये लिहिली आणि अक्कांना वाचून दाखवली. त्या ऐकत वळत होत्या. ‘पायाने पाचर आत ढकला’ यावर तळवा थांबला.

“कालु बेडा,” त्या म्हणाल्या. पाय नको.

आमच्या निपाणीकडे ‘ब्याडा’ म्हणतात, पण नकार तोच. देवापुढे लागायची काडी, तिच्या पाटाला पाय कसा लावायचा? आमच्या घरातही पुस्तकाला पाय लागला तर आजी नमस्कार करायला लावते. मला हे ठाऊक होतं, तरी सुचलं नव्हतं. ते एक वाक्य उच्चारलं गेलं नसतं तर पाट तयार होऊन अक्कांच्या दारात गेला असता, आणि कोपऱ्यात पडला असता. का ते मला कधी कळलंही नसतं, कारण अशा गोष्टी माणसं तोंडावर सांगत नाहीत.

अक्कांनीच मग उजवं कोपर पाटाच्या कडेला टेकवून दाखवलं. “मोणकै,” म्हणाल्या. मी पाचरीची शेपटी तळहाताएवढी रुंद केली आणि उजव्या कडेला आणली. कोपराने ढकलली की उतार वाढतो, ओढली की कमी होतो. सुताराला दिलेल्या कागदावर मी नुसतं ‘उतार १५’ लिहिलं होतं, त्याने १५ मिलिमीटर धरले, मला अंश हवे होते. एक फळी वाया गेली, तिचे पैसे मी भरले. पुढच्या कागदावर एकही आकडा एककाशिवाय गेला नाही.

दुसरा पाट अक्कांनी ठेवून घेतला. विटेचा तुकडा आता दाराला टेकू म्हणून असतो.

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. ज्यूरीच्या आधी तुमच्या अहवालातलं एक पान घ्या, जो ती वस्तू वापरणार आहे त्याच्या भाषेत लिहा आणि त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा, आणि लाकूड त्यानंतरच कापा.