एकाच्याच पायात बूट

थोरलीने यंदा कॉलेजच्या फुटबॉल संघात नाव दिलं आणि पहिल्याच आठवड्यात बूट मागितले. तोवर ती भावाच्या जुन्या बुटांत कापूस कोंबून खेळत होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. मी म्हटलं, "१९११ साली मोहन बागानने अनवाणी आयएफए शील्ड जिंकली!" हे वाक्य मूळचं माझ्या वडिलांचं. आम्ही नवी चप्पल मागितली की हेच ऐकावं लागायचं.

"कोणाविरुद्ध जिंकली?" तिने विचारलं. मग मी सांगत बसलो. १० जुलैला पहिलाच सामना सेंट झेवियर्स कॉलेजच्या संघाशी झाला, तो ३-० ने जिंकला. पुढे रेंजर्स, रायफल ब्रिगेड. मिडलसेक्स रेजिमेंटशी बरोबरी झाली, तो सामना दोन दिवसांनी पुन्हा खेळून ३-० ने काढला. २९ जुलैला अंतिम सामना, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. आधी गोल गोऱ्यांचा. मग कर्णधार शिबदास भादुडीने बरोबरी साधली आणि खेळ संपता संपता अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. हा अभिलाष स्कॉटिश चर्च कॉलेजचा. मागच्या गर्दीला मैदान दिसेना, म्हणून स्कोअर कळवायला पतंग उडवले होते म्हणे.

तेव्हा आपल्या बालाघाटात कॉलेज नव्हतं. शिकायचं तर नागपूरचं हिस्लॉप, मॉरिस, नाहीतर जबलपूरचं कॉलेज. पण छोटी लाईन आली होती आणि गोंदियाला कलकत्त्याची मोठी गाडी मिळायची. वडील म्हणत, ती बातमी त्याच गाडीने आपल्याकडे आली असणार.

रात्री थोरली मोबाईल घेऊन आली. "बाबा, अकराच्या अकरा अनवाणी नव्हते. सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते."

हे मला ठाऊक होतं. वडिलांनाही असणार. पण त्यांच्या तुटपुंज्या पगारात आम्ही चार भावंडं. तेवढा एक बूटवाला ते गोष्टीतून गाळत असावेत. मला मात्र तसं काही कारण नव्हतं.

रविवारी गोंदियाला जाऊन बूट आणले. पहिल्या सामन्यात तिचा संघ ४-० ने हरला. चिखलाने भरलेले बूट तिने दारातच काढले. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आमच्या आईने ते काही न बोलता उचलले, धुतले आणि गच्चीवर उन्हात ठेवले.