शुलीभंजनच्या वाटेवर

आम्ही दोघांनी एका रविवारी खुलताबादहून शुलीभंजनला पायी जायचं ठरवलं, तेव्हा दोघांच्याही घरात एकच प्रश्न विचारला गेला : "आता कशाला?"

तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून आम्ही सगळे त्याला गुरुजी म्हणतो. आमच्या शहराला तो संभाजीनगर म्हणतो, मी औरंगाबाद म्हणतो. बावीस वर्षांच्या मैत्रीत त्यावाचून कधी काही अडलं नाही. २०२३ मध्ये सरकारी कागदांवर नाव बदललं, तेव्हाही थोडी चेष्टामस्करी झाली, एवढंच.

अडलं ते मार्च २०२५ मध्ये. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, ही मागणी जोरात सुरू झाली. नागपुरात हिंसाचार झाला, काही भागांत संचारबंदी लागली. त्याच आठवड्यात गुरुजींनी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुढे पाठवला. ज्यांना कबरीचा पुळका आहे त्यांनी ती सोबत घेऊन जावी, असा त्याचा सूर होता. ग्रुपवर मुसलमान मी एकटाच. मी चार लांबलचक परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, त्यात सनावळ्या टाकल्या, आणि ग्रुप सोडला. पाच महिने आम्ही बोललो नाही.

शेवटी काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही दोघं मोठे झालात की लहान झालात, ते तरी मला कळू दे."

घरी बसून बोलणं जमलं नसतं. घरात चहा येतो, बायकामुलं असतात, आणि मग दोघंही गोड बोलून मूळ विषय टाळतात. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा आम्ही आयुष्यभर खाल्ला. पण त्या वाट्यांच्या पलीकडे कधी काही विचारलं नाही, हेही खरं. म्हणून चालायचं ठरलं. अटी दोनच. फोन पिशवीत राहतील. आणि कुणीतरी लिहून पाठवलेलं काही बोलायचं नाही. जे स्वतःला वाटतं तेवढंच बोलायचं.

खुलताबादचा रस्ता दोघांच्याही पायाखालचा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला पायी येतात. गुरुजी पंधरा वर्षं त्यांच्यात असतो. मी लहानपणी अब्बांच्या बोटाला धरून जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला यायचो. तोच घाट, तीच वळणं. आम्ही दोघांनी हा रस्ता कधी एकत्र चालला नव्हता, हे त्या दिवशी एसटीतून उतरताना लक्षात आलं.

ज्या दर्ग्याच्या आवारात ती कबर आहे, त्याच्या दारावरूनच पुढे जायचं होतं. बाहेर पोलीस होते. गुरुजी थोडा थबकला. एवढ्या वेळा गावात येऊनही तो कधी आत गेला नव्हता. "कशी आहे रे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "उघडी. वर छत नाही, मातीच आहे. संगमरवरी जाळी नंतरची." तो काही बोलला नाही. मीही "चल, दाखवतो" म्हणालो नाही. दोघंही पुढे निघालो.

गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे. तिथे मात्र गुरुजी रमला. १६१० मध्ये अंबरने खडकी वसवली, शहराला नहरींनी पाणी दिलं. मग त्याच्या मुलाने तिचं फतेहनगर केलं, पुढे औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झालं. "म्हणजे तुझं नावही पहिलं नाही आणि माझंही नाही," मी म्हणालो. तो हसला. मग मास्तरांच्या आवाजात त्याने १६२४ ची भातवडीची लढाई सांगितली. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. मला लढाई ठाऊक होती, शरीफजींचं मरण ठाऊक नव्हतं. ज्याला मी मनातल्या मनात 'फॉरवर्डवाला' म्हणून मोडीत काढलं होतं, तो माझ्यापेक्षा जास्त वाचतो, हे कबूल करणं जड गेलं.

शुलीभंजनचा चढ लागला. पावसाची भुरभुर होती, दगडांवर शेवाळ होतं. चढावर एक बरं असतं, भाषण करता येत नाही. दम लागतो, वाक्यं आखूड होतात. शिवाय समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पाय कुठे ठेवायचा याकडे लक्ष असतं. तिथेच त्याने विचारलं.

"एक सांग. संभाजी महाराजांना त्या माणसाने हालहाल करून मारलं. मला त्याचं आजही दुखतं. तू मला चार परिच्छेद पाठवलेस. त्यात मनसबदार किती हिंदू होते, कुठल्या मंदिराला इनाम होतं, सगळं होतं. 'ते वाईट झालं' एवढं एक वाक्य नव्हतं. का?"

मी बराच वेळ चालत राहिलो. खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, "कारण ते वाक्य माझ्याकडून कायम मागितलं जातं. तुला वाटतं म्हणून तू बोलतोस. मी बोललो की ते प्रमाणपत्र होतं. माझा मुलगा नववीत आहे. मार्चमध्ये वर्गातल्या एकाने त्याला विचारलं, 'तुमच्या औरंगजेबाचं काय?' घरी येऊन तो मला म्हणाला, 'अब्बू, तो आपला कोण लागतो?' मी त्याला काय सांगू? आमच्या सात पिढ्या इथे विणकाम करत आल्या. बादशहाने आम्हाला काय दिलं?"

गुरुजी थांबला. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू मजकूर पाठवलास."

थोडं पुढे गेल्यावर मी ते वाक्य म्हणालो. संभाजी महाराजांना ज्या पद्धतीने मारलं ते क्रूर होतं, अन्याय होता, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मागितलं म्हणून नाही, त्याला दुखतं म्हणून म्हणालो. आणि ते म्हणताना माझं काही कमी झालं नाही. उलट लाज वाटली, की एवढं साधं वाक्य मी पाच महिने सनावळ्यांखाली दडवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "तो मजकूर पाठवताना तू डोळ्यांसमोर नव्हतास. तुझा पोरगा तर नव्हताच. कुणीतरी वेगळेच मुसलमान होते." मग हळूच म्हणाला, "ते कोण, हे मलाही सांगता येणार नाही."

वर दत्ताचं मंदिर आहे. संत एकनाथांनी इथे तप केलं असं मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, निजामशाहीच्या चाकरीतले. गुरुजी पायरीवर बसून डबा उघडता उघडता म्हणाला, "नाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' वाचलंयस ना? त्यात दोघं आधी काय काय ऐकवतात एकमेकांना!" खरंच आहे. आपण त्या भारुडाचं नाव घेतो ते शेवटच्या समेटासाठी. पण त्याआधी दोघं एकमेकांच्या देवाधर्मातलं जे जे खटकतं ते तोंडावर बोलतात, काही शिल्लक ठेवत नाहीत. आम्ही मात्र गळाभेट आधी करून टाकली होती आणि बोलणं बावीस वर्षं लांबवलं होतं.

हे वाचून कुणाला वाटेल की डोंगर उतरताना आमचं एकमत झालं. तसं काही झालं नाही. शहराचं नाव बदललं ते योग्यच झालं, असं त्याला आजही वाटतं. कबरीच्या देखभालीवर सरकारने पैसा का खर्च करावा, हा त्याचा प्रश्न कायम आहे. ती संरक्षित वास्तू आहे, ती जशी आहे तशी राहावी आणि मुलांना तिथे उभं राहून इतिहास शिकवता यावा, असं मला वाटतं. उतारावर आमचा यावरून पुन्हा एकदा चांगलाच आवाज चढला. शेळ्या राखणारी एक आजी दचकून बघायला लागली, तेव्हा दोघंही गप्प झालो.

फरक एवढाच की या वेळी तो माझ्याशी भांडत होता, आणि मी त्याच्याशी.

परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "कुठं?" गुरुजी खिडकीबाहेर बघत होता. तिकीट मी काढायचं होतं. मी म्हणालो, "दोन, सेंट्रल बसस्टँड." गुरुजी बाहेरच बघत राहिला, पण गालातल्या गालात हसला.

उतरल्यावर आम्ही आधी काकूंकडे गेलो. पुढच्या वेळी मुलालाही घेऊन ये, असं निघताना गुरुजी म्हणाला. भातवडीची लढाई त्याला तिथेच, मलिक अंबरच्या कबरीपाशी शिकवायची आहे. मी मुलाला विचारलंय. तो यायला तयार आहे, फक्त त्याला चढ किती आहे ते जाणून घ्यायचं होतं.