रबराचें कडें

आई गेली त्याला वर्ष झालें. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं, पाहुणे पांगल्यावर, सेलूहून आलेली ताई म्हणाली, “अरे, आईच्या ओव्या लाव ना एकदां.”

आईचें माहेर गंगाखेडचें, म्हणजे जनाबाईच्या गांवचें. घरांतलें जातें केव्हांच अडगळींत गेलें, तरी ओव्या तिला अखेरपर्यंत पाठ होत्या. २००४ सालीं भाच्यानें त्या मुद्रित करून एका सीडीवर उतरविल्या. तिची दुसरी प्रत काढून ठेवावी असें आम्हां सर्वांच्याच मनांत होतें, आणि तें मनांतच राहिलें.

परभणीच्या आमच्या दिवाणखान्यांत सीडीचें जुनें यंत्र रुमालाखालीं झांकून ठेवलेलें असतें. मीं कळ दाबली, बाहेर आलेल्या खणांत तबकडी ठेवली. खण कुरकुरत आंत गेला, पण पुरता गेला नाहीं. कांचेमागें अक्षरें उमटलीं कीं, आंत तबकडी नाहीं. पुन्हां कळ दाबतां मोटर फिरल्याचा बारीक आवाज आला. खण मात्र जागचा हलेना. ताई कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळच्या गाडीनें ती सेलूला गेली.

बाजारांतल्या एका दुरुस्तीवाल्यानें “आतां हें कोण वापरतं, साहेब?” असें म्हणत पेचकसानें खण उचकटावयास घेतला. मीं यंत्र काखेंत मारलें आणि घरचा रस्ता धरला.

रात्रीं विजेची तार काढून वरचें झांकण उघडलें. आंत मोटरीच्या कण्यावर एक चिमुकली कप्पी, शेजारीं एक मोठी, आणि दोहोंना जोडणारें, मुलींच्या वेणीच्या रबराहूनही बारीक असें एक रबरी कडें. खणाची सारी ये-जा त्याच्यावर. खण पुरता मिटतांना तबकडी चकतीवर घट्ट बसते, तीही त्याच्याच जोरानें. तेवढा शेवटचा जोर त्याच्यांत उरला नव्हता.

फिलिप्स आणि सोनी यांनीं मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिला सुई लागत नाहीं. प्रकाशाचा किरण ती वाचतो, म्हणून ती झिजत नाहीं अशी तिची ख्याती. पण त्या किरणापर्यंत तिला पोहोंचविणारें रबर म्हातारें होतें. चार्ल्स गुडइअरला १८३९ मध्यें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली खरी. तरी उष्णता, हवेंतला प्राणवायु आणि ओझोन त्याला हळूहळू खातातच. त्यांतून आमचा वैशाख! पारा त्रेचाळीस अंशांच्या पुढें जातो. त्या कड्यानें असे वीस उन्हाळे काढले होते.

मोठी कप्पी बोटानें सावकाश फिरविली तसा खण तसूतसूनें बाहेर आला. तबकडीवर भाच्याच्या बालबोध अक्षरांत ‘आजी’ एवढेंच लिहिलेलें. घरीं मुद्रित केलेल्या तबकडींतला रंगद्रव्याचा थरही ऊन-उष्म्यानें विटतो, हें ठाऊक असल्यानें जीव अधिकच धास्तावला. घरांतल्या लॅपटॉपला तर सीडीचा खणच नाहीं.

कडें उकळत्या पाण्यांत घातल्यास थोडें आवळतें, असें वाचलें होतें. सौभाग्यवतीनें चहाचें भांडें दिलें, पण कोणत्या नजरेनें तें विचारूं नये. रिकामा खण दोनदां उघडला-मिटला, तिसऱ्यांदा अडला. तबकडी ठेवण्याचें धैर्य झालें नाहीं.

मग कडें कापून त्याची लांबी मोजली. जुनें कडें ताणून वाढलेलें असतें, म्हणून नवें किंचित् आंखूड हवें. फार आंखूड झालें तर मोटरीच्या कण्यावर भार येतो. भाच्यानें पुण्याच्या तापकीर गल्लींतून तीन निरनिराळ्या मापांचीं कडीं आणलीं. तिन्हींची किंमत मिळून त्याच्या रिक्षाभाड्याहून कमी! कप्प्यांवर जुन्या रबराची काळी पुटें बसलीं होतीं. तीं स्पिरिटच्या बोळ्यानें पुसलीं. मधल्या मापाचें कडें बरोबर बसलें.

ताईला पुन्हां बोलावून घेतलें. खण या खेपेला न कुरकुरतां मिटला. आधीं कांहीं क्षण नुसती खरखर, मग आईचें खोकणें, आणि “झालं का रे सुरू?” हा तिचा प्रश्न. “हो आजी, म्हण,” असा भाच्याचा वीस वर्षांपूर्वींचा कोंवळा आवाज आला. आतां दाढी वाढविलेला तो शेजारींच बसला होता. तो एकदम उठून खिडकीपाशीं गेला. ओव्या संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. दुसरी प्रत त्यानें त्याच रात्रीं करून घेतली.