आव्वाज कुणाचा

फर्स्ट इयरला असताना आर्ट सर्कलच्या पहिल्या मीटिंगची नोटीस लागली होती. खाली लिहिलं होतं, 'कुणीही या'. मी उदगीरचा. पुण्यात येऊन अकरा दिवस झाले होते आणि रूममेट सोडला तर कुणाशी धड बोललो नव्हतो. 'कुणीही'मध्ये आपणही येतो असं वाटलं, म्हणून गेलो.

हॉलमध्ये पन्नासेक जण जमिनीवर गोल करून बसले होते. नव्यांनी उभं राहून नाव, गाव आणि आवड सांगायची. माझ्या आधीच्या मुलीनं बालनाट्यांची यादीच सांगितली. मग मी. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणालो, "सध्या एकांकिकांचं एक पुस्तक वाचायलो."

काळ्या टीशर्टमधला एक दादा थांबून राहिला. मग म्हणाला, "वाचायला काय? घेतलंयस? पुढे बोल ना."

पुढे काही नव्हतं. वाक्य संपलं होतं. आमच्याकडे 'वाचायलो' म्हणजे 'वाचतोय'. मी गोंधळून परत तेच म्हणालो, "वाचायलो." हॉल हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यामुळे रागही धड येईना. मी खाली बसलो.

पुरुषोत्तम करंडक तोंडावर आला होता. 1963 पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा पुण्यातल्या कॉलेजांसाठी सणासारखी असते. मला कुणी विचारायच्या आत मी बॅकस्टेजला नाव दिलं. तिथे बोलावं लागत नाही. लेव्हल्स उचलायच्या, ब्लॅकआउटमध्ये रेडियमच्या खुणा बघत खुर्ची जागेवर ठेवायची आणि उजेड यायच्या आत विंगेत परतायचं. मला ते काम मनापासून आवडलं. प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा'ची आरोळी उठली आणि मीही घसा फुटेस्तोवर कॉलेजचं नाव ओरडलो. आरोळीत कुणाचं गाव ऐकू येत नाही.

दिवाळीपर्यंत मी 'वाचतोय', 'करतोय' शिकलो होतो. घरी गेल्यावर आई म्हणाली, "पुण्याच्या लोकांवानी बोलायलास की रे." तिला कौतुक वाटत होतं. मलाही वाटलं.

थर्ड इयरला काळा टीशर्ट माझ्या अंगावर आला. तोच हॉल, तसाच गोल. एक बारीक मुलगा उभा राहिला. नांदेडकडचा. म्हणाला, "मी गाणं शिकायलो."

त्या गोलात त्याचं वाक्य पूर्ण कळलेला बहुधा मी एकटाच होतो. आणि मी विचारलं, "शिकायला काय? येणारेस?"

सगळे हसले. दोन वर्षांत मी त्या हॉलमध्ये एवढा मोठा लाफ्टर घेतला नव्हता. मुलगा बसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर मेसच्या रांगेत दोनदा दिसला. 'मीही तिकडचाच' एवढं सांगायला चार सेकंद लागली असती. मी मोबाइल काढून बघत बसलो.

आता मी 28 वर्षांचा आहे. हिंजवडीत कोड लिहितो. गेल्या महिन्यात टीममध्ये एक फ्रेशर आला. स्टँडअपमध्ये इंग्रजी अडलं तसा तो मराठीवर आला, "मी तो बग बघायलो." आमची लीड पुढचं ऐकायला थांबली. दोघातिघांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

मी म्हणालो, "झालं त्याचं वाक्य. बघतोय तो."

दुपारी कँटीनमध्ये त्यानं विचारलं, "सर, तुम्ही आमच्याकडचे का?"

"उदगीर," मी म्हणालो. मग विचारलं, "काय खायलास?"

इतक्या वर्षांनी ते तोंडातून जरा अडखळतच आलं. तो हसला आणि डबा पुढे सरकवला. त्याची भाजी खाताना मी दुसऱ्याच एका मुलाचं नाव आठवत होतो. त्यानं ते गोलात उभं राहून नीट सांगितलं होतं. मला आठवलं नाही.